सगळे भरभरून बोलतात, तरी फिल्म हलत का नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि नोकरी सांभाळून गेली दोन वर्षं एका ८१ वर्षांच्या जाझ पियानोवादकावर माहितीपट करताय. चाळीस तासांचं फुटेज जमलंय. विद्यार्थी, जुने साथीदार, एक क्लबमालक, चर्चचे पाद्री, वादकांची मुलगी अशा चौदा जणांच्या मुलाखती झाल्यात आणि सगळे भरभरून बोललेत. अडीच तासांचा पहिला कट तुम्ही घरी दाखवलात, तेव्हा बायको म्हणाली, "छान आहे, पण सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम वाटतो." आता तुम्ही विचारताय की अमेरिकन कलावंतांवरच्या नावाजलेल्या माहितीपटांत असं काय असतं जे तुमच्याकडे नाही, आणि तुमचा माणूस फारसा प्रसिद्ध नाही म्हणून हे होतंय का.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. चौदा मुलाखतींचं इतकं नेमकं परीक्षण मला पैसे घेऊनही जमलं नसतं.

मी संकलक आहे. मुंबईत बीटा टेपवर हात बसला, गेली सोळा वर्षं न्यूयॉर्कमध्ये आहे आणि बहुतेक काम अशाच फिल्मवर केलंय: चित्रकार, गायिका, एक शिल्पकार, दोन लेखक. त्यामुळे मी जे सांगतोय ते एडिट टेबलवरून दिसलेलं आहे. कॅमेरामनला विचाराल तर तो कदाचित वेगळं सांगेल.

प्रसिद्धीचा मुद्दा लगेच निकालात काढू. व्हिव्हियन मायर शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची. २००७ साली तिच्या निगेटिव्हच्या पेट्या लिलावात गेल्या, तोवर तिला छायाचित्रकार म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिच्यावरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. उलट, घराघरांत नाव असलेल्या गायकांवरचे कितीतरी माहितीपट विमानात झोप लागावी म्हणून बरे असतात. प्रसिद्धीने फिल्मला पैसे मिळतात, जुनं फुटेज मिळतं. जीव मिळेलच असं नाही.

तुमची अडचण मला दुसरीच दिसते. हा माणूस कोणाच्या नजरेतून दिसतोय, हे तुमच्या कटमध्ये ठरलेलंच नाही. चौदा जण कॅमेऱ्याच्या डावीकडे कुठेतरी बघत कुणाला तरी सांगतायत की ते थोर आहेत. कुणाला सांगतायत? नॅरेशनचा जो नमुना पाठवलात, त्यात तर फिल्म्स डिव्हिजनचा आवाज ऐकू येतो. आपल्या पिढीने थिएटरात मुख्य सिनेमाआधी तो इतका ऐकलाय की लिहायला बसलं की आपोआप तसंच उतरतं. पण तो आवाज सरकारचा होता. तो तुमचा नाही.

ज्या फिल्म आपण पुन्हा पाहतो, त्या करणारा माणूस कुठे उभा आहे हे पाचव्या मिनिटाला कळलेलं असतं. टेरी झ्विगॉफ हा व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रमचा जुना मित्र, दोघं एकाच बँडमध्ये वाजवायचे. १९९४ च्या 'क्रम'मध्ये कॅमेरा क्रमच्या आईच्या घरात आणि थोरला भाऊ चार्ल्सच्या खोलीत जातो तो या मैत्रीच्या जोरावर. लहानपणी रॉबर्टला कॉमिक्स काढायला लावलं ते चार्ल्सनेच. मोठेपणी तो घराबाहेर क्वचितच पडायचा, आणि फिल्म पूर्ण होण्याआधीच त्याने आत्महत्या केली. एका यशस्वी माणसावरची फिल्म बघता बघता तिघा भावांची होते आणि प्रश्न उरतो की हाच एकटा कसा वाचला. परका दिग्दर्शक असता तर त्याला दिवाणखान्यातून परत पाठवलं असतं.

नातं जवळचं असलं की सगळंच सोपं होतं असंही नाही. लेखिका जोन डिडियनवरची २०१७ ची फिल्म तिचा पुतण्या ग्रिफिन डन याने केली. पुतण्याचा आदर जागोजागी दिसतो, काही ठिकाणी तो फार मवाळ होतो, आणि मला तिथे कंटाळाही येतो. पण एक जागा अशी आहे की तेवढ्यासाठी मी ती फिल्म शिकवायला वापरतो. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी वस्तीवर लिहिताना डिडियनला एलएसडी दिलेली पाच वर्षांची मुलगी भेटली होती. डन विचारतो, पत्रकार म्हणून ते बघताना काय वाटलं? ती थांबते. हात हवेत फिरतात, शब्द शोधतात. आपण वाट बघतो की आता ती म्हणेल, भयंकर होतं. ती म्हणते, सोनं होतं ते. लेख लिहिणारा अशा क्षणांसाठीच जगतो, मग ते चांगले असोत की वाईट. एका वाक्यात अख्खी लेखिका समोर आली, तिच्या थंडपणासकट. प्रश्न प्रेमाने विचारला होता आणि उत्तर आल्यावर पुतण्याने मध्ये बोलून ते गोड केलं नाही.

तिसरं उदाहरण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. वास्तुविशारद लुई कान १९७४ साली अहमदाबादहून परत येताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराने गेला. पासपोर्टवरचा पत्ता त्याने खोडलेला होता असं सांगतात, आणि मृतदेह काही दिवस बेवारस पडून राहिला. त्याची तीन कुटुंबं होती. लग्नाबाहेरचा मुलगा नॅथनियल तेव्हा ११ वर्षांचा होता. त्याने २००३ साली 'माय आर्किटेक्ट' केली. त्यात थोरामोठ्यांच्या मुलाखतींची अगदी रांग आहे. आयआयएम अहमदाबादच्या कामासाठी कानला आपल्याकडे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.त शिकलेले बाळकृष्ण दोशी त्यात आहेत. जवळजवळ सगळे कानची स्तुतीच करतात. म्हणजे कागदावर पाहिलं तर तुमचीच फिल्म. मग ती सत्कारसमारंभ का होत नाही? कारण ऐकणारा मुलगा आहे. तुझा बाप किती मोठा होता हे जो तो सांगतो, आणि या पोराला तो बाप आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी भेटायचा. स्तुतीचं प्रत्येक वाक्य त्याला थोडं टोचतं. शेवटी कानने रचलेल्या ढाक्याच्या संसद भवनात बांगलादेशी वास्तुविशारद शम्सुल वारेस अक्षरशः रडत त्याला समजावतात की या माणसाने आम्हाला काय दिलं, आणि जवळच्यांना द्यायचं राहून गेलं असेल. मी हा भाग निदान वीस वेळा पाहिलाय. स्तुतीच आहे ती. पण कोणाला सांगितली जातेय बघा.

तेव्हा मुलाखती सरसकट टाकून देऊ नका. त्या कोण ऐकतंय हे फिल्ममध्ये आणा.

आता तुमच्या पत्रातल्या दोन ओळींकडे येतो. दोन्ही तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. एक, तुमची मुलगी चार वर्षं दर शनिवारी त्यांच्या घरी पियानो शिकायला जायची आणि तुम्ही बाहेरच्या सोफ्यावर बसून असायचात. दोन, शिकवणी बंद झाल्यापासून ते घरच्या पियानोला हात लावत नाहीत, कारण विचारलं तर जेवणाचा विषय काढतात, "म्हणून वाजवण्याचं सगळं शूटिंग क्लबमध्ये केलं." माझ्या मते तुमची फिल्म या दोन ओळींत आहे आणि चाळीस तासांत ती कुठेच नाही. चाहता, शिष्य, जाझचा जाणकार यांतलं तुम्ही कुणीच नाही. तुम्ही सोफ्यावर बसून भिंतीपलीकडचा पियानो ऐकणारे पालक आहात. ही जागा जगात तुमच्याशिवाय फार थोड्यांकडे असेल. तिथून सुरुवात करायची लाज वाटू देऊ नका.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या स्पष्ट सांगतो. त्यांनी पियानो का बंद केला हे मला माहीत नाही. बोटांचा आजार असेल, बायकोची आठवण असेल, शेजाऱ्याची तक्रार असेल, किंवा पियानो बेसूर झालाय आणि ट्यूनरला द्यायला पैसे नाहीत इतकं साधं असेल. उत्तर काहीही असो, ते मिळवायची घाई तुमच्या फिल्मला परवडेल पण त्यांना परवडेलच असं नाही. वय ८१ आहे, तब्येत तुम्ही जाणता. पैसे कोण घालतंय यावरही बरंच ठरतं. तुमचेच असतील तर तुम्ही मोकळे आहात. कुटुंबाचे किंवा एखाद्या संस्थेचे असतील तर शेवटचा कट कुणाच्या सहीने होणार हे आजच कागदावर आणा.

हे मी ठेच लागून शिकलोय. एका शिल्पकारावरच्या फिल्मवर मी सात महिने काम केलं. वारसांना पाहण्याचा हक्क होता, मंजुरीचा नव्हता, अशी आमची समजूत. करारातलं वाक्य दोन्हीकडे वळवता येण्यासारखं निघालं. पहिल्या लग्नाबद्दलची अकरा मिनिटं गेली आणि उरलेल्या फिल्मला त्या जागी खड्डा पडला, तो मी शेवटपर्यंत भरू शकलो नाही. मोठ्या पातळीवर हेच गायक प्रिन्सच्या बाबतीत झालं. एझरा एडलमन यांनी कित्येक वर्षं खपून केलेली सुमारे नऊ तासांची फिल्म वारसा-संस्थेच्या आक्षेपांनंतर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने सोडून दिली. पण म्हणून कुटुंब नकोच, असाही निष्कर्ष काढू नका. गायिका नीना सिमोनवरच्या २०१५ च्या फिल्ममध्ये तिची मुलगी निर्मात्यांमध्ये होती, आणि आपल्याला आईनेच मारलं हे तिथे सांगणारीही तीच मुलगी आहे. गायक बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावरची 'डोंट लुक बॅक' तर त्याच्या मॅनेजरच्याच पुढाकाराने झाली. तरी दिग्दर्शक पेनेबेकरने डिलनला पत्रकारांशी तुसडेपणाने बोलताना जसंच्या तसं ठेवलं. कोण पैसे देतंय यापेक्षा त्या माणसाला आरशात बघायची किती तयारी आहे, हे जास्त मोलाचं. तुमच्या वादकांची मुलगी फोनवर कशी बोलते त्यावरून अंदाज येईल.

आता मुलाखतींचं तंत्र. लोक चांगलंच का बोलतात? कारण आपण तसं विचारतो. "त्यांच्याबद्दल काय सांगाल?" या प्रश्नाला मराठी माणूस असो की नेवार्कचा, भाषणच देतो. त्याऐवजी घडलेलं विचारा. शेवटचं भांडण कशावरून झालं? त्यांनी कुणाला बँडमधून काढलं का, आणि कसं सांगितलं? त्यांच्याकडून उसने पैसे परत आले का? प्रश्न खवचट वाटतील, पण उत्तरात स्थळ, काळ, कपडे, पाऊस सगळं येतं, आणि बहुतेक वेळा त्यात प्रेमही जास्त दिसतं. जाझ ट्रम्पेटवादक चेट बेकरवरच्या 'लेट्स गेट लॉस्ट'मध्ये दिग्दर्शक ब्रूस वेबर त्याच्या आईला विचारतो, मुलगा म्हणून त्याने तुमची निराशा केली का? ती म्हणते, हो, पण त्यात नको शिरूया. एवढंच. ट्रम्पेट, देखणा चेहरा, हेरॉइन यांवर दोन तास बोलूनही जे आलं नसतं ते त्या अर्ध्या वाक्यात येतं.

आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसा. बिल कनिंगहॅम हा न्यूयॉर्क टाइम्ससाठी सायकलवरून रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो काढणारा माणूस. त्याच्यावरची २०१० ची फिल्म करायला रिचर्ड प्रेसला जवळजवळ दहा वर्षं लागली, त्यातली आठ त्याला राजी करण्यात गेली. मग छोट्या कॅमेऱ्याने, मोठा ताफा न नेता त्याने शूटिंग केलं. शेवटाकडे तो कनिंगहॅमच्या श्रद्धेबद्दल, दर रविवारी चर्चला जाण्याबद्दल विचारतो. इतका वेळ हसत बडबडणारा तो म्हातारा मान खाली घालतो आणि बराच वेळ वर बघतच नाही. कॅमेरा थांबत नाही, जवळही जात नाही. तुमच्या फुटेजमध्ये अशी शांतता असेल तर ती तुम्ही पहिल्याच दिवशी कापून टाकली असणार. नवीन संकलक तेच करतो. मीही केलंय.

एक युक्ती सांगतो, खरं तर तो अपघात होता. एका चित्रकर्तीची मुलाखत संपली. ध्वनिमुद्रकाने नेहमीप्रमाणे तीस सेकंद रूम टोन मागितला, म्हणजे खोलीचा रिकामा आवाज, जोडकामाला लागतो तो. सगळे गप्प. कॅमेरामन कॅमेरा बंद करायला विसरला. दीड तास ऐटीत बोललेल्या बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखावरचा वाळलेला निळा रंग खरवडायला घेतला, निघेना, मग अंगठा पदराने पुसावा तसा ॲप्रनला पुसला, आणि मुलाखतीत एकदाही ज्याचा उल्लेख आला नव्हता त्या कोपऱ्यातल्या पालथ्या घातलेल्या कॅनव्हासकडे बघितलं. फिल्मची सुरुवात आम्ही तिथून केली. तुमच्या चौदाही मुलाखतींचे शेवटचे दोन-दोन मिनिटं आज रात्री बघा, माइक काढतानाचे. ते तुम्ही टाइमलाइनवर घेतलेच नसतील.

नजर कुठे असावी हे तुम्ही विचारलंय. लेखिका टोनी मॉरिसनवरच्या २०१९ च्या फिल्ममध्ये ती थेट लेन्समध्ये बघून बोलते आणि बाकीचे सगळे बाजूला बघतात, त्यामुळे सत्ता कोणाकडे आहे हे न सांगता कळतं. तुमच्या वादकांना लेन्समध्ये बघायला लावू नका. ते तुमच्याकडेच बघून बोलोत. सोफ्यावरच्या माणसाकडे.

कॅमेऱ्याने माणूस बिघडतो का, हा तुमचा चौथा प्रश्न. बिघडतो. १९५० च्या शरदात छायाचित्रकार हान्स नामुथने चित्रकार जॅक्सन पोलॉकला लाँग आयलंडवरच्या घराबाहेर रंग ओतताना चित्रित केलं. त्याला चित्रकाराचा चेहराही दिसायला हवा होता, म्हणून काच उभारून तिच्याखाली तो कॅमेरा घेऊन आडवा झाला आणि पोलॉकने वरून काचेवर चित्र काढलं. पुन्हा सुरुवात कर, इथे थांब, बूट घालतानाचं परत, असं कित्येक दिवस. नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत काम संपलं. पोलॉक घरात गेला आणि जवळपास दोन वर्षांनी त्याने दारूचा ग्लास भरला. त्या रात्री जेवणाचं भरलेलं टेबल त्याने पाहुण्यांसमोर उलथलं. दारूचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडता येणार नाही, पण जे आतून येतं ते कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा करून दाखवणं त्याला सोसलं नाही, असं बरेच जण मानतात. फिल्म जेमतेम दहा मिनिटांची आहे आणि पोलॉक म्हटलं की आज तिच्यातलीच चित्रं डोळ्यांसमोर येतात. मी ती कौतुकाने बघतो आणि दर वेळी थोडा अस्वस्थ होतो. तुमच्या वादकांना "जरा पुन्हा वाजवता का" असं क्लबमध्ये किती वेळा म्हणालात, ते आठवून बघा.

इथवरचं थोडक्यात: बोलणारी माणसं आहेत तेवढी पुरेत, सांगणारा सोफ्यावर बसवा, प्रश्न घटनांचे विचारा, आणि शांतता कापू नका.

जुन्या फुटेजबद्दल तुम्ही हताश दिसता, "१९६० चं काहीच मिळत नाही" म्हणता. जाझच्या फिल्मला अशा पेट्या कधीकधी उशिरा उघडतात. पियानोवादक थेलोनियस मंकवरची 'स्ट्रेट, नो चेझर' १९८८ मध्ये आली, मंक जाऊन सहा वर्षं झाल्यावर. तिचा गाभा म्हणजे ब्लॅकवूड बंधूंनी १९६७-६८ मध्ये जर्मन टीव्हीसाठी घेतलेलं, बहुतांश न दाखवलेलं फुटेज. शार्लट झ्वेरिनने ते जोडताना मंकचं जागच्या जागी गोल फिरणं आणि पत्नी नेलीने त्याचं सगळं बघणं समजावत बसण्याऐवजी फक्त ठेवलं. चित्रकार बास्कियाची तरुणपणची मुलाखत टॅम्रा डेव्हिसने वीसेक वर्षं खणात ठेवली होती, तिची फिल्म २०१० मध्ये झाली. आणि काहीच नसेल तर कागद असतो. लेखक जेम्स बाल्डविनच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाच्या तीसेक पानांवर राउल पेकने 'आय ॲम नॉट युवर नीग्रो' उभी केली. त्यात बाल्डविनबद्दल सांगणारा एकही जाणकार बसवलेला नाही, शब्द फक्त त्याचे.

तुमच्या तर दाराशी खजिना आहे. नेवार्कला रटगर्स विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ जाझ स्टडीज आहे, मौखिक इतिहासाच्या ध्वनिफितींसकट. तिथे तुमच्या वादकांचं नाव शोधाच, पण त्यांच्या जुन्या साथीदारांची नावंही शोधा. १९७० च्या दशकात कुणीतरी त्यांच्याबद्दल सहज काही बोलून गेलेलं असू शकतं, तेव्हा ते ८१ वर्षांचे पूज्य नव्हते.

हक्कांचं प्रकरण मात्र कोरडं आणि खर्चिक आहे, आणि जाझमध्ये दुप्पट. त्यांनी क्लबमध्ये एखादं जुनं गाणं वाजवलं तर रचनेचा हक्क प्रकाशकाकडे असतो, वाजवणारा तुमचा मित्र असला तरी. जुनी तबकडी वापरलीत तर रचनेचा एक परवाना आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा, रेकॉर्ड कंपनीकडून. अमेरिकेत अशा जुन्या प्रकाशित रचनांना ९५ वर्षांचं संरक्षण आहे. संगीतकार गर्शविनची १९२४ ची 'रॅप्सडी इन ब्लू' म्हणून २०२० मध्ये मोकळी झाली, त्याचंच १९३५ चं 'समरटाइम' अजून नाही. ध्वनिमुद्रणांची मुदत याहूनही लांब चालते. 'फेअर यूज', म्हणजे परवान्याशिवाय मर्यादित वापराची कायदेशीर मुभा, आहे, माहितीपटवाल्यांनी २००५ मध्ये मिळून त्याची आचारसंहिताही केली आणि तिच्यामुळे फिल्मचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या बऱ्याच सैल झाल्या, पण पूर्ण गाणं पार्श्वसंगीत म्हणून वापरायला ती ढाल चालत नाही. दुर्लक्ष केलं तर काय होतं? नागरी हक्क चळवळीवरची 'आइज ऑन द प्राइझ' ही गाजलेली मालिका फुटेज-संगीताच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे कित्येक वर्षं टीव्हीवर दाखवता येत नव्हती. तुम्ही स्वस्तातला मार्ग धरा: त्यांच्या स्वतःच्या रचना, आणि त्या त्यांनी कधी कुठल्या प्रकाशकाला लिहून दिल्या होत्या का ते विचारून घ्या. साठच्या दशकात पुष्कळांनी न वाचता सह्या केल्या आहेत.

जुनी पत्रं त्यांच्या तरुणपणच्या आवाजात एआयकडून वाचून घेण्याची तुमची कल्पना सोडून द्या. शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनवरच्या २०२१ च्या फिल्ममध्ये काही सेकंदांचा असा आवाज न सांगता वापरला होता, आणि नंतर चर्चा फक्त त्याचीच झाली. तुमचा माणूस जिवंत आहे. चष्मा लावून वाचू दे की त्यालाच. अडखळेल, "हे मी लिहिलं?" म्हणेल. तेच हवंय.

आता पुढचे दोन महिने. चौदांतले पाच जण ठेवा. कोणते, हे त्यांनी काय सांगितलं यावरून ठरवू नका, सांगताना कोण थबकलं यावरून ठरवा. नॅरेशन पूर्ण पुसा आणि तुमच्या आवाजात, शक्यतो एकाच बैठकीत, सोफ्याबद्दल बोला: कुठलं मासिक पडलेलं असायचं, भिंतीपलीकडून काय ऐकू यायचं, मुलगी चुकली की ते काय म्हणायचे. लिहू नका, बोला, फोनवर रेकॉर्ड करा. मराठीत बोललात तरी चालेल, सबटायटल नंतर बघू. उलट मला तर ते हवंहवंसं वाटतंय. मुलगी आता कॉलेजात आहे म्हणालात. ती सुट्टीत येईल तेव्हा तिला घेऊन त्यांच्याकडे जा, एखाद्या शनिवारी, शिकवणीच्याच वेळेला.

कॅमेरा पहिल्या दिवशी गाडीतच राहू दे. पियानोबद्दल विचारू नका. ते जेवणाचा विषय काढतील, तर जेवा. मुलगी कदाचित झाकण उघडेल, कदाचित नाही उघडणार. दुसऱ्या शनिवारी परवानगी घेऊन कॅमेरा आत न्या आणि सोफ्याच्या उंचीवर ठेवा, खोलीत नको, बाहेरच. दार अर्धं उघडं असतं असं तुम्ही लिहिलंयत. फ्रेम तेवढीच ठेवा आणि माइक मात्र आत.